लाँगबो की रिकर्व्ह? या प्रश्नामागचा इतिहास

पारंपरिक धनुर्विद्येकडे वळणाऱ्या माणसापुढे पहिला पेच हाच असतो. लाँगबो म्हणजे जवळजवळ माणसाच्या उंचीचं सरळ धनुष्य, दोरी चढवली की टोकापासून टोकापर्यंत सलग एकाच कमानीत वाकणारं. रिकर्व्ह आखूड, आणि त्याची दोन्ही टोकं पुढे, निशाणाच्या दिशेला उलटी वळलेली. लाँगबोवाले म्हणतात, आमचंच खरं. रिकर्व्हवाले म्हणतात, तेवढ्याच ताकदीत आमचा बाण जास्त वेगाने जातो. ऐकणाऱ्याला वाटावं, हे भांडण हजार वर्षं चाललंय.

तसं ते नाही. धनुष्याचा इतिहास हजारो वर्षांचा असला तरी या दोहोंतून एक निवडायची वेळ बहुतेक धनुर्धरांवर कधी आलीच नव्हती. आपल्या मुलखात कोणतं लाकूड मिळतं, पाऊस किती पडतो आणि कारागिराला किती महिने थांबणं परवडतं, यावर धनुष्य ठरायचं. दुकानाच्या भिंतीवर दोन्ही शेजारी-शेजारी टांगलेली दिसू लागली ती विसाव्या शतकाच्या मध्याला.

आधी लाँगबोकडे पाहू. त्याला इंग्रजी म्हणायची सवय झाली असली तरी लांब लाकडी धनुष्य इंग्लंडपेक्षा कितीतरी जुनं आहे. डेन्मार्कमध्ये होल्मेगार्डच्या दलदलीत सापडलेली एल्मची धनुष्यं सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची. १९९१ मध्ये इटली-ऑस्ट्रिया सीमेवरच्या बर्फात ‘ओट्झी’ नावाच्या माणसाचा गोठलेला देह सापडला, त्याच्याजवळ १.८२ मीटर लांबीचं, अजून तासून पुरं न झालेलं यू लाकडाचं धनुष्य होतं. तो पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मेला.

यू हे सूचिपर्णी झाड जणू धनुष्यासाठीच घडलेलं. सालीलगतचं फिकट लाकूड ताण सोसतं, आतला तांबूस गाभा दाब सोसतो. कारागीर ओंडका अशा बेताने चिरतो की दोन्ही थर एकाच काठीत यावेत. फिकट थर निशाणाकडच्या बाजूला, तिथे लाकूड ताणलं जातं. गाभा धनुर्धराच्या बाजूला, तिथे ते दाबलं जातं. आडवा छेद घेतला तर एका बाजूला चपटा आणि दुसऱ्या बाजूला गोलसर दिसतो. दोन वेगळे पदार्थ चिकटवून जे साधायचं ते इथे झाडानेच करून ठेवलंय, म्हणून सरस नको, आणि म्हणून ओल्या हवेची भीती कमी.

क्रेसी (१३४६) आणि अ‍ॅजिनकोर्ट (१४१५) या इंग्रज-फ्रेंच लढायांनी या धनुष्याचा दबदबा निर्माण केला. पण त्यामागची व्यवस्था मला लढायांपेक्षा जास्त लक्षणीय वाटते. १३६३ मध्ये इंग्लंडचा राजा तिसऱ्या एडवर्डने सणासुदीच्या दिवशी पुरुषांनी नेमबाजीचा सराव करावा असं फर्मान काढलं. पुढे चांगलं यू कमी पडू लागलं, तेव्हा १४७२ मध्ये कायदाच झाला की व्यापारी जहाजांनी दर टन मालामागे धनुष्याच्या चार काठ्या आणाव्यात. म्हणजे ‘अस्सल इंग्रजी’ धनुष्याचं लाकूड मोठ्या प्रमाणावर युरोपातून यायचं. १५४५ मध्ये बुडालेलं ‘मेरी रोझ’ हे युद्धनौकेचं धूड १९८२ मध्ये वर काढलं, त्यातून १७२ लाँगबो मिळाले. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे त्यातले बहुतेक ओढायला १०० ते १८० पाउंडांच्या दरम्यान ताकद लागत असे. आज हौशी माणूस सुरुवात २५-३० पाउंडांनी करतो. ‘मला खरा मध्ययुगीन लाँगबो हवाय’ म्हणणाऱ्याने हे आकडे आधी वाचावेत.

आता रिकर्व्ह. त्याची मुळं आशियात, गवताळ मैदानांत. तिथे यू नाही, लांब सरळ काठीच दुर्मीळ. आणि घोड्यावर बसून डावी-उजवीकडे बाण सोडायचा तर सहा फुटी धनुष्य मानेला आडवं येणार. मग आखूड धनुष्यात लांब धनुष्याची ताकद कोंबायची कशी? उत्तर सापडलं शिंगात. मधे लाकडाचा पातळ गाभा, धनुर्धराच्या बाजूला शिंगाची पट्टी, निशाणाच्या बाजूला सुकवून विंचरलेल्या स्नायुतंतूंचे थर, आणि हे सगळं माशाच्या वाताशयाच्या किंवा कातड्याच्या सरसाने जोडलेलं. शिंग दाब उत्तम सोसतं, स्नायू ताण उत्तम सोसतात. यूच्या झाडाने जे निसर्गतः दिलं, तेच इथे माणसाने थरावर थर चढवून, आणि कितीतरी अधिक मर्यादेपर्यंत, मिळवलं. तुतनखामेनच्या थडग्यातही अशी संयुक्त धनुष्यं होती. पुढे शक, मंगोल, तुर्क, कोरियन अशा अनेकांनी आपापल्या तऱ्हा घडवल्या.

दोरी उतरवली की यातली काही धनुष्यं पार उलटी, आकड्यासारखी पुढे वळून बसतात. दोरी चढवायची तर लिम्ब (पकडीच्या वरची आणि खालची पाती, आपल्याकडचे खेळाडू हाच शब्द वापरतात) निखाऱ्यांवर हलकी शेकून, मांडीच्या आधाराने, जपून मागे आणावी लागते. जरा पीळ पडला तर धनुष्य हातातून उलटतं. सरस सुकायला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. दमट हवेत तो सैल पडतो. पावसाळी इंग्लंडला हे धनुष्य ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्यांच्या हवेत आणि हजारोंच्या पायदळासाठी ते परवडणारं नव्हतं.

दोघांची गाठ पडली तेव्हाचा एक प्रसंग गमतीचा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, बंदुकीने धनुष्य रणांगणातून कधीच हाकललेलं असताना, लंडनमध्ये उमरावांचा छंद म्हणून ते परत आलं. १७८१ मध्ये टॉक्सोफिलाइट सोसायटी ही धनुर्विद्याप्रेमींची संस्था स्थापन झाली. १७९४ च्या सुमारास तुर्की वकिलातीतल्या महमूद एफेंदी नावाच्या अधिकाऱ्याने त्या मंडळींसमोर आपल्या शिंगाच्या धनुष्यातून बाण सोडला, तो सुमारे ४८० यार्डांवर जाऊन पडला. इंग्रज मंडळींना आपल्या लाँगबोतून तेवढं अंतर स्वप्नातही गाठता येत नव्हतं. तरीही लंडनने लाँगबो सोडला नाही. त्यांना युद्ध जिंकायचं नव्हतं, हिरवळीवर खेळायचं होतं, आणि लाँगबो ‘आपला’ होता.

या गोष्टीत भारत कुठे बसतो? दोन्हीकडे. सिकंदराचा दर्यासारंग निआर्कस याच्या आधाराने ग्रीक इतिहासकार अ‍ॅरियन सांगतो, की भारतीय पायदळाचं धनुष्य माणसाएवढं उंच असे. खालचं टोक जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने रेटून ते ओढत, आणि ढाल-चिलखत त्या बाणापुढे टिकत नसे. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी सिकंदर-पोरसाच्या लढाईत पावसाने चिखल झाला आणि धनुष्य टेकवायला घट्ट जमीनच उरली नाही, असं रोमन इतिहासकार कर्टियस लिहितो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी चारही साहित्यांची धनुष्यं एकाच ओळीत येतात. मोगलांबरोबर मध्य आशियाई घडणीची शिंगाची धनुष्यं सर्रास झाली. पण आपला पावसाळा काही मोगलांना भीक घालणारा नव्हता. सरसाच्या जोडकामाची ही अडचण टाळणारी, त्याच आकाराची पोलादी धनुष्यंही इथे घडली. वेगाला कमी, पण शस्त्रागारात कितीही पावसाळे पडून राहिली तरी सुटणारी नव्हेत. आकार रिकर्व्हचा, कारण टिकाऊपणाचं: पुढे अमेरिकेत जे झालं त्याची ही एक आधीची आवृत्ती म्हणायला हरकत नाही.

अमेरिकेत धनुष्याची हौस पसरवली ती मॉरिस आणि विल थॉम्पसन या भावांनी. यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेकडून ते लढले होते. युद्धानंतर फ्लोरिडाच्या रानात धनुष्याने शिकार करत हिंडले, त्यावर मॉरिसने लिहिलं, आणि १८७९ मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिली तेव्हा तोच तिचा पहिला अध्यक्ष झाला. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात ‘याही’ नावाच्या मूळ अमेरिकन जमातीचा शेवटचा माणूस, इशी, लोकांसमोर आला. त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर सॅक्सटन पोप त्याच्याकडून धनुष्य घडवायला आणि शिकार करायला शिकला. इशीचं धनुष्य आखूड, चपटं, पाठीवर स्नायुतंतू चिकटवलेलं. पोपने गुरू केला इशीला, पण स्वतःच्या शिकारीसाठी धनुष्य बनवलं ते इंग्रजी घाटाचं, यूचं. त्या काळी गोऱ्या अमेरिकन माणसाच्या डोक्यात ‘धनुष्य’ म्हटलं की लाँगबोच येई. वाद सुरू व्हायला दुसरा पक्षच हजर नव्हता.

तो आणला भौतिकशास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी. १९३० च्या दशकात बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतले क्लॅरेन्स हिकमन, त्यांच्यासारखेच भौतिकशास्त्रज्ञ पॉल क्लॉपस्टेग व अभियंता फॉरेस्ट नॅगलर यांनी धनुष्य प्रयोगशाळेत नेलं. हिकमन यांनी बाणाचा वेग मोजला, लिम्बवरचा ताण गणिताने मांडला आणि दाखवून दिलं की इंग्रजांनी शतकानुशतकं जपलेला गोलसर छेद फार कार्यक्षम नाही. त्या जाडीत लाकडाचा काही भाग नुसतं वजन वाहतो. त्यापेक्षा रुंद, चपटी, आयताकृती छेदाची लिम्ब तेवढ्याच ओढीला जास्त वेग देते. पारंपरिक लाँगबोला बसलेला हा सर्वांत मोठा धक्का. आज अमेरिकेत ज्याला लाँगबो म्हणतात तो बहुतेक वेळा याच संशोधनाच्या वळणाने गेलेला असतो.

उलट्या टोकांचा फायदाही आकड्यांत मांडता आला. ओढायच्या आधी रिकर्व्हची दोरी टोकांजवळ लिम्बला टेकून असते. ओढत नेलं की ती हळूहळू लिम्बवरून उचलली जाते, आणि वळलेली टोकं तरफेसारखी काम करू लागतात. सुरुवातीलाच भरपूर ताण लागतो, पण शेवटच्या दोन-तीन इंचांत धनुष्य एकदम कडक होत नाही. त्यामुळे तेवढ्याच कमाल ताकदीत जास्त ऊर्जा साठते. आखूड लाँगबो मात्र पूर्ण ओढीजवळ भिंतीसारखा अडतो, म्हणून तर तो लांब ठेवायचा.

हे सगळं कागदावर ठीक होतं. पण शिंग आणि स्नायू पुन्हा जमवत बसायला अमेरिकेत कोण तयार होणार? कोंडी फोडली काचतंतूंनी, म्हणजे फायबरग्लासने. डेट्रॉइटमध्ये १९३३ मध्ये धंद्याला सुरुवात केलेल्या फ्रेड बेअर यांनी १९४७ मध्ये कारखाना मिशिगनमधल्या ग्रेलिंगला नेला आणि लाकडी लिम्बवर फायबरग्लास चढवायचं तंत्र बसवलं. १९५० च्या दशकात त्यांचे ‘कोडिॲक’सारखे रिकर्व्ह घराघरांत गेले. आजही एखाद्या रिकर्व्हची लिम्ब कडेने पाहिली तर तिन्ही थर उघड दिसतात: मधे मेपलच्या किंवा बांबूच्या फिकट पट्ट्या, आणि दोन्ही अंगांना काचेचा पातळ, चकचकीत थर. शिंगाची जागाही काचेने घेतली, स्नायूंचीही. आणि तिला पावसाची फिकीर नाही.

या काळात दुसऱ्या बाजूला धनुर्धर हॉवर्ड हिल उभे होते. १९३८ च्या हॉलिवूडच्या रॉबिन हूडपटातले अवघड बाण पडद्यामागून त्यांनीच मारलेले. बांबूच्या पट्ट्यांचा लांब, सरळ लाँगबो हे त्यांचं हत्यार. त्यांचा मुद्दा असा, की वेग थोडा कमी असेना का, लांब धनुष्य हातातली चूक पोटात घालतं. वळलेली टोकं पिळली जाऊ शकतात, सरळ टोकांना ती भीती नाही. आज लाँगबो आणि रिकर्व्हवर जो वाद चालतो त्याची जवळजवळ सगळी वाक्यं बेअर आणि हिल यांच्या चाहत्यांनी त्याच वेळी बोलून टाकलेली आहेत. माझ्या मते दोघंही बरोबर होते, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते.

मग १९६६ मध्ये मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलनने पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळालं आणि कप्पी-तारांचं कंपाउंड धनुष्य आलं. पूर्ण ओढल्यावर ते हातातला भार कमी करतं. पाहता पाहता शिकाऱ्यांनी त्याचा स्वीकार केला. बेअरचा रिकर्व्ह, जो दहा-पंधरा वर्षांपूर्वी सगळ्यात आधुनिक होता, तो एका दमात ‘जुना’ झाला आणि लाँगबोच्या पंगतीला येऊन बसला. ‘पारंपरिक धनुर्विद्या’ हा आजचा पंथ उभा राहिला तो या सरमिसळीतून. कंपाउंड नाही ते सगळं पारंपरिक. त्यामुळे काचेचा, प्लायवूडसारख्या थरांचा रिकर्व्ह परंपरेत कसा, असं विचारणाऱ्याला इतिहासाचं उत्तर एवढंच: नंतर काहीतरी त्याहून नवं आलं म्हणून.

ऑलिंपिकची वाट वेगळी. १९२० नंतर वगळलेली तिरंदाजी १९७२ मध्ये म्युनिकला परतली ती रिकर्व्ह घेऊन, आणि नेम धरायची साइट, धनुष्य स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर यांनी तो रिकर्व्ह पारंपरिक माणसापासून दूर गेला. हेच सगळं काढून टाकलं की बेअरबो उरतो. साताऱ्याच्या प्रवीण जाधवने टोकियो ऑलिंपिकला नेला तो साइटवाला रिकर्व्ह. २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झालेले अदिती स्वामी आणि ओजस देवतळे कंपाउंडवाले. आपल्याकडे सरळ धनुष्याचा वारसा चालतो तो राष्ट्रीय स्पर्धांतल्या ‘इंडियन राउंड’मध्ये, बांबूच्या धनुष्यावर.

आता नियम सीमारेषा आखतात. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या लाँगबो गटात दोरी चढवल्यावर ती टोकांच्या खाचांखेरीज धनुष्याला कुठेही टेकता कामा नये, आणि बाण लाकडी हवेत. ब्रिटिश लाँगबो सोसायटी त्याहून कडक: छेदाची जाडी रुंदीच्या किमान पाच-अष्टमांश हवी, म्हणजे हिकमन यांचा चपटा लाँगबो तिथे दारातच अडतो. बाजारात मात्र ही रेघ पुसट होत चालली आहे. लिम्ब मधे मागे आणि टोकाकडे पुढे वळवलेला, पण दोरी लिम्बला न टेकणारा काचेचा ‘हायब्रिड’ लाँगबो आज रिकर्व्हच्या वेगाच्या बराच जवळ जातो. म्हणून घ्यायला निघालेल्याने आधी कोणत्या गटात उतरायचं ते ठरवावं, मग दुकानदाराला त्या धनुष्यावर दोरी चढवायला सांगावी, आणि ती टोकांजवळ टेकते का ते स्वतः बघावं.