लोकसंख्येचे वयोमान आणि सरकारी खर्च

माणसे किती वाढली यापेक्षा ती कोणत्या वयाची आहेत आणि कुठे राहतात, यावर सरकारचा खर्च जास्त ठरतो. लहान मुलांना लस, अंगणवाडी आणि शाळा लागते, म्हाताऱ्यांना औषधोपचार आणि निवृत्तिवेतन. हा खर्च उचलायचा तो मधल्या, कमावत्या वयाच्या लोकांच्या करांतून.

महाराष्ट्रात ही गोष्ट एकाच दशकात दोन टोकांना दिसली. २००१ ते २०११ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्हा (पालघरसह) सुमारे ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. त्याच काळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची लोकसंख्या चक्क घटली. ठाण्याला पाणी, रस्ते, वर्गखोल्या कमी पडू लागल्या आणि कोकणातल्या शाळांची पटसंख्या ओसरली.

पट ओसरला म्हणून खर्च ओसरत नाही, हे इथले मर्म. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) निकषानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक धरले जातात. चाळीस मुलांच्या शाळेत आठच उरली, तरी दोन पगार, दोन खोल्या, पोषण आहार शिजवणारी बाई, सगळे तेच राहते. दर मुलामागचा खर्च जवळजवळ पाचपट होतो. शाळा बंद करून मुले दुसऱ्या गावी पाठवली तर पगार वाचतो, पण पावसाळ्यात वहाळ ओलांडून जाणाऱ्या सहा वर्षांच्या पोराची पायपीट कुठल्याच अंदाजपत्रकात येत नाही. अशा शाळा निव्वळ पटावर तोलू नयेत.

दुसऱ्या टोकाला वृद्ध. २०११ मध्ये साठी ओलांडलेल्यांचा वाटा देशात ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्याचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी मुले, १.७ निघाला. पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला तो साधारण २.१ असावा लागतो, म्हणजे वृद्धांचा वाटा वाढतच जाणार. सरकारी कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन हा बांधील खर्च. आयुर्मान वाढले की तो जास्त वर्षे द्यावा लागतो. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांसाठी राज्याने अंशदायी योजना (जिच्यात कर्मचारी आणि सरकार दोघेही वाटा भरतात) आणली ती या ओझ्यापोटीच. त्याआधी लागलेल्यांचे देणे मात्र अजून कित्येक वर्षे चालेल.

शेतमजूर, मोलकरीण यांना असे निवृत्तिवेतन नसते. ६५ वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे. तिची रक्कम २०२३ मध्ये महिना १,००० वरून १,५०० रुपये झाली. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत ६० ते ७९ वयाच्या माणसाला केंद्राचा वाटा २०० रुपये, ८० नंतर ५००. ही रक्कम फारच तोकडी आहे. तीही हातात पडायला हयातीचा दाखला आणि अंगठ्याचा ठसा लागतो. आयुष्यभर भात लावून रेषा झिजलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही, आणि आजीला पुन्हा तालुक्याला खेप घालावी लागते.

चाकरमान्याचा व्यवसाय कर मुंबईत कापला जातो, त्याच्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या गावच्या आरोग्य केंद्रातून जातात. राज्याची तिजोरी एकच, म्हणून तिथे हिशेब जुळतो. ग्रामपंचायतीचा जुळत नाही: कुलूपबंद घराची घरपट्टी वसूल करायची कुणाकडून?

या सगळ्या वाटपाचा पाया जनगणना. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, त्यामुळे अन्नसुरक्षा कायद्याखालचा राज्याचा इष्टांक (किती लोकांना स्वस्त धान्य द्यायचे तो आकडा) २०११ च्या लोकसंख्येवरच अडकून राहिला.