ओला डाग, वाळलेला डाग

मेंदूच्या एमआरआयमध्ये दहा-बारा पांढरे डाग दिसतात. यातला कोणता गेल्या आठवड्यातला आणि कोणता पाच वर्षांपूर्वीचा? साध्या एमआरआयवरून हे सांगणं अवघड असतं. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस या आजारात नेमका हाच प्रश्न कळीचा ठरतो.

एमएसमध्ये प्रतिकारशक्ती आपल्याच चेतातंतूंवरचं मायलिनचं वेष्टन कुरतडते. पूर्वापार निदानाची कसोटी दुहेरी: इजा वेगवेगळ्या ठिकाणी हवी आणि वेगवेगळ्या काळातली हवी. ठिकाणं साधा एमआरआय दाखवतो. काळ सिद्ध करायला मात्र दुसरा झटका येईपर्यंत, किंवा काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय करेपर्यंत थांबावं लागे.

ही वाट पाहणं कमी केलं ते गॅडोलिनिअम या धातूपासून बनवलेल्या इंजेक्शननं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार कडक पहारा ठेवतात. रक्तातली बहुतेक रसायनं आत शिरू शकत नाहीत. पण एमएसचा डाग ताजा असतो तेव्हा सूज येऊन तिथला पहारा ढिला पडतो. हाताच्या शिरेतून दिलेलं गॅडोलिनिअम तेवढ्याच जागी झिरपतं. गंमत अशी, की एमआरआयला ते स्वतः दिसतच नाही. औषधातल्या त्याच्या विद्युतभारित अणूत, म्हणजे आयनात, जोडीदार नसलेले 7 इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्या चुंबकत्वामुळे आसपासच्या पाण्यातले प्रोटॉन लवकर पूर्वस्थितीला येतात आणि टी-1 नावाच्या एमआरआय चित्रात ती जागा उजळते. इंजेक्शननंतर पाच-दहा मिनिटं थांबून चित्र घेतात ते त्याला झिरपायला वेळ मिळावा म्हणून.

ही उजळण साधारण तीन आठवडे टिकते. भिंतीवरची ओल वाळावी तशी मग ती जाते, डाग मात्र उरतो. म्हणजे उजळलेला डाग ताजा आणि न उजळलेला जुना. एमएसच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या मॅकडोनाल्ड निकषांच्या 2010 च्या आवृत्तीनं हे मान्य केलं: एकाच तपासणीत दोन्ही प्रकार दिसले, तर काळाचा पुरावा मिळाला. तपासणीआधी स्टेरॉइड दिलेली असली तर मात्र उजळण मंदावते, आणि ताजा डागही जुना वाटू शकतो.

आपल्याकडे एक वेगळी पंचाईत असते. क्षयाची गाठ किंवा फीतकृमीच्या अळीची पुटीही कडी उजळल्यासारखी दिसते. एमएसची कडी पुष्कळदा अपुरी असते, घोड्याच्या नालासारखी, आणि तिचं उघडं तोंड मेंदूच्या करड्या भागाकडे वळलेलं असतं. एवढ्यावर निदान होत नाही, पण अनुभवी डोळ्याला हा इशारा पुरतो.

सुटं गॅडोलिनिअम विषारी असतं, म्हणून ते दुसऱ्या रेणूच्या पकडीत बांधून देतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर धोका वाढतो, म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, विचारतात. वारंवार दिल्यास काही अंश मेंदूत साठतो, हे 2014 नंतर ठळकपणे पुढे आलं. त्यातून अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही, तरी युरोपने 2017 मध्ये ढिल्या पकडीची बरीच औषधं थांबवली. आता मॅकडोनाल्डच्या 2024 च्या सुधारित निकषांत काळाची अटही प्रत्येकासाठी सक्तीची राहिलेली नाही. पाठपुराव्याच्या तपासणीत हल्ली बऱ्याचदा इंजेक्शन टाळून, आधीच्या चित्राशी ताडून नवे डाग शोधतात. त्यासाठी जुनी सीडी लागते, आणि आपल्या घरांत नेमकी तीच सापडत नाही.