विरघळणारे स्क्रू आणि उशिरा येणारी सूज

शरीरात आपोआप विरघळणारा टाका ही जुनी गोष्ट. जनावरांच्या आतड्यापासून केलेले कॅटगट शल्यविशारद पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. पण ते किती दिवस टिकेल याचा नेम नसे, सूजही येई. १९६६ मध्ये कुलकर्णी आणि त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी पॉलिलॅक्टिक आम्ल प्राण्यांच्या शरीरात बसवून पाहिले. ऊतींना ते मानवले. पुढे पॉलिग्लायकोलिक आम्लाचा डेक्सॉन आणि १९७४ मध्ये व्हिक्रिल हे कृत्रिम धागे रूढ झाले. हे सगळे पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारखे रेणू. पाण्यामुळे त्यांच्या साखळ्या तुटतात. पॉलिलॅक्टिकमधून शेवटी उरते लॅक्टिक आम्ल, आणि ते तर शरीर स्वतःच बनवते. मग धोका कसला?

धाग्यापुरते हे खरे होते. हाडे जोडण्याच्या सळ्या आणि स्क्रू आले तेव्हा गणित बदलले. जाड तुकड्याच्या पोटात तयार झालेले आम्ल लवकर बाहेर पडत नाही, तिथेच साचून उरलेल्या साखळ्या अधिक वेगाने तोडते. मग बाहेरचे कवच फुटले की सगळा ऐवज एकदम ऊतींवर येतो. हेलसिंकीच्या बोस्टमन यांनी २,५२८ रुग्णांचा आढावा २००० साली प्रसिद्ध केला. त्यांतल्या १०८ जणांना जंतूंविना सूज आली होती, बहुतेक सगळ्यांना पॉलिग्लायकोलिकच्या तुकड्यांमुळे आणि सरासरी ११ आठवड्यांनी.

यावर उपाय म्हणून पॉलिलॅक्टिकचाच सावकाश विरघळणारा प्रकार, पॉलि-एल-लॅक्टाइड, पुढे आला. माझ्या मते खरा धडा इथला आहे. नेदरलँड्समध्ये गालाच्या हाडाला याच्या पट्ट्या बसवलेले रुग्ण सुमारे तीन वर्षे ठणठणीत होते, नंतर त्याच जागी सूज घेऊन परत आले. पाच वर्षांनंतरही आत स्फटिकमय कण शिल्लक होते. पाठपुरावा दोन वर्षांत आटोपला असता, तर कागदोपत्री सगळे उत्तमच दिसले असते.

हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत बसवतात त्या जाळीदार नळीचे, म्हणजे स्टेंटचे, ‘अ‍ॅब्सॉर्ब’ हे पॉलि-एल-लॅक्टाइडचे विरघळणारे रूप. त्याचेही काहीसे तसेच झाले. युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत जुलै २०१६ मध्ये त्याला मान्यता मिळाली. धातूच्या स्टेंटपेक्षा त्याच्या काड्या जाड, सुमारे १५० मायक्रॉनच्या. पुढच्या वर्षांच्या पाठपुराव्यात त्यात रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त दिसले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने विक्री थांबवली. रसायन तेच, धाग्यात पारखलेले.