माणगावचा पुतळा आणि ‘हुतात्मा’ या शब्दाचा गुंता

माणगावच्या तहसील कार्यालयाच्या आवारात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. ते याच तालुक्यातल्या पळसगावचे. मराठा पलटणीतून लढताना १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, वयाच्या तेविसाव्या वर्षी ते कामी आले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिश फौजेतला सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. त्यांच्या तुकडीतले सगळे जवान मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन निकामी केली, एकाला टॉमीगनने टिपले आणि काडतुसे भरायला उसंत नसल्याने तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या घावांनी ठार केले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून, जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला.

एवढ्यावर कोणाचे दुमत नाही. वाद होतो तो त्यांना कोणत्या शब्दाने स्मरायचे यावर. समारंभात कोणी त्यांना ‘हुतात्मा’ म्हणतो, कोणी ‘शहीद’, तर कोणी ‘वीर’. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ नंतरच्या रायगडात, ‘हुतात्मा’ या शब्दाला स्वतःचा इतिहास आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, त्यात पडलेले शेतकरी हुतात्मे ठरले. कर्जत-माथेरान परिसरात वीजवाहिन्यांचे मनोरे पाडणाऱ्या दस्त्यातले जे दोघे २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, तेही हुतात्मेच. पुढे १९८०च्या दशकात राज्य शासनाने गावोगावी हुतात्मा स्मारके उभारली, ती अशा स्वातंत्र्यसैनिकांची, आणि त्यामुळे या शब्दाचा अर्थ आणखी पक्का झाला. सिद्धगडानंतर अवघ्या दीड वर्षाने, ज्या सत्तेच्या पोलिसांनी तिथे गोळ्या झाडल्या त्याच सत्तेच्या फौजेतून लढताना घाडगे पडले. सिद्धगडावरचे मरण आणि घाडग्यांचे मरण यांना एकच शब्द लावला की हा फरक पुसला जातो. लावला नाही की पळसगावच्या माणसाला आपल्या माणसाचे मरण कमी लेखल्यासारखे वाटते.

फौजेत गेले म्हणजे इंग्रजांच्या बाजूने गेले, हा आक्षेप मात्र न्याय्य नाही. त्या युद्धात सुमारे २५ लाख हिंदी माणसे सक्तीची भरती नसताना फौजेत होती, आणि कोकणातल्या तुटपुंज्या भातशेतीवर भागत नसलेल्या घरांना पलटणीचा पगार हा मोठा आधार होता. ‘शहीद’ म्हणूनही गुंता सुटत नाही, कारण हा शब्द आपल्या अधिकृत वापरात नाही असे लष्कराने २०२२ मध्ये पुन्हा कळवले. त्यांच्या नावामागचे ‘नाईक’ हे पदच मला सर्वांत खरे वाटते. ते त्यांनी स्वतः मिळवले होते आणि त्यावर कोणत्याही राजवटीचा किंवा चळवळीचा दावा लागत नाही.

त्यांची ज्ञात कबर कोठेही नाही. त्यांचे नाव कॅसिनोच्या युद्धस्मारकावर, कबर न सापडलेल्या सैनिकांमध्ये आहे. म्हणूनच जुलै २०२३ मध्ये, त्याच खोऱ्यातल्या मोंतोने या गावी, तिथल्या नगरपालिकेने भारतीय लष्कराच्या व इटलीतल्या इतिहासप्रेमींच्या सहकार्याने त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळ उभारले, याला मोल आहे. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक हिंदी सैनिक लढले आणि त्यांतले ५,७८२ मरण पावले. तरीही स्थानिक लोकांनी आपल्या गावात स्मारकासाठी निवडले ते पळसगावच्या या नाईकाचे नाव. त्या घड्याळावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ ‘आपण सारे एकाच सूर्याखाली’ असा आहे, आणि तिथे हुतात्मा की शहीद हा प्रश्न कोणी विचारला नाही.