कस्तुरी (सुगंधद्रव्य)

कस्तुरी : कस्तुरीमृगाच्या (मॉस्कस प्रजाती) नरापासून मिळणारे प्राणिज सुगंधद्रव्य. हिमालयापासून सायबीरियापर्यंतच्या डोंगराळ जंगलांत हा प्राणी आढळतो. त्याला शिंगे नसतात. नराचे सुळे मात्र ओठाबाहेर लोंबतात. कवींनी कस्तुरी नाभीत बसवली असली, तरी तिची पिशवी असते बेंबी आणि जननेंद्रिय यांच्या मधे. एका पिशवीतून साधारण २५ ग्रॅम माल निघतो.

सुकलेली कस्तुरी काळपट, रवाळ दिसते. ताज्या पिशवीचा दर्प अमोनियासारखा नाकात जातो आणि तो कोणालाही आवडणार नाही. मद्यार्कात अगदी विरळ करून महिनोन्महिने मुरू दिली, की उबदार, अंगाच्या वासाशी जवळीक असलेला गंध उमटतो. अत्तरात तिचे खरे काम वेगळेच : तिचे जड रेणू सावकाश उडतात, त्यामुळे फुलांचे चंचल वासही जास्त वेळ टिकतात.

तिच्या गंधाचे मूळ असलेले मस्कोन १९०६ मध्ये वेगळे करण्यात आले. त्यात १५ कार्बन अणूंचे मोठे कडे आहे, हे लिओपोल्ड रुझिच्का यांनी १९२६ मध्ये दाखवले. इतके मोठे कडे टिकूच शकत नाही, असा तोवर रसायनज्ञांचा समज होता. कृत्रिम कस्तुरी मात्र त्याआधीच आली होती, तीही योगायोगाने : १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर यांना टीएनटीच्या जातकुळीतल्या स्फोटकांवर काम करताना एका संयुगाला कस्तुरीचा वास आला. या नायट्रो कस्तुऱ्यांपैकी मस्क अ‍ॅम्ब्रेट पुढे चेतासंस्थेला घातक ठरून बाद झाली. त्यांची जागा गॅलॅक्सोलाइडसारख्या संयुगांनी घेतली. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, कापडाला चिकटून राहतात. धुतलेल्या कपड्यांचा जो ‘स्वच्छ’ वास आपण ओळखतो, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. ‘व्हाइट मस्क’ म्हणून विकला जाणारा वास याच घराण्यातला. मृगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. वनस्पतिज पर्याय हवा असेल, तर कस्तुरी भेंडीच्या बियांचे तेल आहे. ते महाग, पण सुरेख.

भारतात कस्तुरीमृगाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे आणि भारतीय मृगाच्या कस्तुरीचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद आहे. म्हणून बाजारात ‘अस्सल कस्तुरी’ असे लिहिलेली कुपी एक तर बनावट असते, नाही तर बेकायदा.

काहींच्या नाकाला एखादी कस्तुरी मुळीच जाणवत नाही, दुसरी मात्र स्पष्ट जाणवते. त्यामुळे अत्तरकार एकाच मिश्रणात दोन-तीन प्रकारच्या कस्तुऱ्या घालतात.