लष्करी रेडिओतला फिल्टर: गँग कंडेन्सर ते पिन डायोड

कोल्हापुरात जुना रेडिओ दुरुस्तीला उघडला की आत गँग कंडेन्सर दिसतो. काही पत्रे स्थिर, काही बटणाच्या दोरीबरोबर फिरणारे. फिरणारे पत्रे आत शिरले की कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, वाढतो आणि काटा सांगलीच्या १२५१ किलोहर्ट्झवरून पुण्याच्या ७९२ कडे सरकतो. हवी ती फ्रीक्वेन्सी आत घेऊन बाकीच्या अडवणाऱ्या ट्यूनेबल फिल्टरचं तत्त्व एवढंच आहे. लष्कराची अडचण वेगळी: हे काम घाईत आणि गोंगाटात करायचं असतं.

ट्यूनिंगचं पेटंट ऑलिव्हर लॉजने १८९७ मध्ये मागितलं, मार्कोनीचं प्रसिद्ध ‘७७७७’ १९०० चं. १९१८ मध्ये अमेरिकी सैन्यातर्फे पॅरिसमध्ये असताना आर्मस्ट्राँगने सुपरहेटरोडाइन रिसीव्हर तयार केला. त्यात आलेला सिग्नल आधी एका ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर आणला जातो. नेमकी निवड तिथेच होऊ लागली, अँटेनाजवळच्या फिल्टरचा भार हलका झाला. पण तो काढून टाकता आला नाही.

त्याला कारण शत्रूचं जॅमिंग, म्हणजे मुद्दाम केलेला रेडिओ गोंगाट, जितकं, तितकाच आपलाच शेजारी. कमांडच्या एकाच गाडीत दोन-तीन संच असतात. एक ५० वॅटने बोलतो, दुसरा त्याच वेळी मायक्रोव्होल्टभर सिग्नल ऐकत असतो. खासबागेच्या कुस्तीमैदानात हलगी कानाशी कडाडत असताना पलीकडच्याची कुजबुज टिपण्यासारखंच!

त्यात फ्रीक्वेन्सी हॉपिंग, म्हणजे बोलताना सतत फ्रीक्वेन्सी बदलत राहणं, आलं. हेडी लमार आणि जॉर्ज अँथील यांचं १९४२ चं पेटंट टॉर्पिडोसाठी होतं. सैनिकाच्या पाठीवर ही कल्पना पुढे सिन्कगार्ससारख्या अमेरिकी संचांतून पोचली: ३० ते ८८ मेगाहर्ट्झ, २३२० चॅनेल, सेकंदाला शंभराहून जास्त उड्या. पट्ट्याचं वरचं टोक खालच्याच्या जवळपास तिप्पट, म्हणजे वर्गाच्या हिशोबाने कपॅसिटन्स साडेआठपट बदलायला हवा. गँगलाही साधारण एवढाच पल्ला लागतो, पण काही मिलिसेकंदांत पत्रे कोण फिरवणार?

व्हॅरॅक्टर डायोडचा कपॅसिटन्स व्होल्टेजवर झटकन बदलतो. पण शेजारचा दांडगा सिग्नल स्वतःच ते व्होल्टेज हलवतो आणि नको ते सिग्नल तयार होतात. १९५६ मध्ये पुढे आलेलं यिट्रियम आयर्न गार्नेट चुंबकीय क्षेत्राने ट्यून होतं. शिवाजी विद्यापीठात फेराइटवर काम केलेल्यांना हा पदार्थ ओळखीचा. गिगाहर्ट्झमध्ये तो उत्तम, पण खालच्या पट्ट्यात निरुपयोगी, शिवाय चुंबकाच्या कॉइलमधला करंट सावकाश बदलतो.

शेवटी टिकला तो दिसायला ओबडधोबड मार्ग. एकापेक्षा दुसरा दुप्पट अशा किमतींचे आठ कपॅसिटर घ्यायचे आणि पिन डायोडने, म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचसारख्या डायोडने, हवे तेवढेच जोडायचे. २५६ जुळण्या मिळतात. मला तरी यातलं सगळ्यात शहाणपणाचं उत्तर हेच वाटतं. त्याची किंमतही आहे: डायोड चालू ठेवायला सतत करंट लागतो, म्हणजे पाठीवरची बॅटरी लवकर संपते, आणि प्रत्येक डायोड सिग्नलचा थोडा अंश खातो.

सिग्नल आकड्यांत बदलून बाकी काम सॉफ्टवेअरने करणारा सॉफ्टवेअर रेडिओ आल्यावर फिल्टर जाईल, असं अनेकांना वाटलं होतं. पण तगडा सिग्नल आकड्यांत रूपांतर होण्याच्या टप्प्यावरच रिसीव्हर भरून टाकतो. मग सॉफ्टवेअरच्या हाती काही उरत नाही. म्हणून सूक्ष्म यांत्रिक स्विचवर, म्हणजे मेम्सवर, आजही खर्च होतो. त्यांना करंट जवळजवळ लागत नाही. त्यांचे संपर्कबिंदू चिकटून बसतात, ही मात्र जुनी तक्रार.