निर्णय सांगता येतात तोवर

स्मृतिभ्रंशाचे निदान झाले म्हणजे रुग्णाला स्वतःविषयी काही ठरवता येणार नाही, असे घरचे लोक गृहीत धरतात, आणि अनेकदा डॉक्टरही. प्रत्यक्षात निर्णयक्षमता अशी एका दिवसात जात नाही. ती एकेका निर्णयापुरती तपासावी लागते. सांगितलेली माहिती समजते का, विचार करण्यापुरती ती लक्षात राहते का, तिचे बरेवाईट जोखता येते का आणि आपली निवड कोणत्याही प्रकारे व्यक्त करता येते का, एवढे त्यात पाहायचे असते. बँकेचे व्यवहार झेपेनासे झालेली व्यक्तीही ‘मला शेवटपर्यंत घरीच राहायचे आहे’ हे पूर्ण समजून सांगू शकते. मात्र आजार वाढेल तशी ही मुदत संपत जाते, त्यामुळे अखेरचा टप्पा दिसू लागल्यावर बोलू, असे म्हणण्याची सोय या आजारात नसते.

नेदरलँड्समध्ये जवळजवळ प्रत्येक नागरिक ठरावीक फॅमिली डॉक्टरकडे नोंदलेला असतो आणि त्याच्या शिफारशीवाचून तज्ज्ञांकडे सहसा जाता येत नाही. इतकी ओळख असूनही पुढच्या शुश्रूषेचा विषय तेथेही सहज निघत नसे. रुग्णाने विचारले तर बोलू असे डॉक्टरला वाटे, आणि गरज असती तर डॉक्टरच बोलले असते असे रुग्णाला. नायमेखन येथील संशोधकांनी ३८ डॉक्टरांचे दोन गट करून एका गटाला हे संभाषण सुरू कसे करावे, रुग्ण आणि नातेवाईक यांच्यासह निर्णय कसा घ्यावा आणि तो कसा नोंदवावा, याचे प्रशिक्षण दिले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहा महिन्यांनंतर प्रशिक्षित डॉक्टरांच्या जवळपास निम्म्या रुग्णांशी असे बोलणे झाले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते.

या प्रशिक्षणातला मला सर्वांत शहाणपणाचा वाटणारा भाग म्हणजे वैद्यकीय नसलेल्या इच्छांना दिलेले स्थान. ‘हृदय बंद पडले तर काय करायचे?’ या प्रश्नाने सुरुवात केली की समोरचा माणूस मिटतो. दिवस कसा जावा, कोणाच्या हातून आंघोळ घातलेली चालेल, घर सोडावे लागलेच तर कोणाजवळ राहायचे, येथून सुरुवात केली तर तोच माणूस मोकळेपणाने बोलतो, आणि उपचारांचे अवघड प्रश्न त्यामागून येऊ शकतात.

ते प्रश्न यावेच लागतात, कारण पुढे काय होते याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. बॉस्टन परिसरातील शुश्रूषागृहांमध्ये तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्या ३२३ रुग्णांचा दीड वर्ष मागोवा घेतला गेला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ८६ टक्के रुग्णांना खाण्यागिळण्याची अडचण आली आणि ४१ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. या अवस्थेत नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढते, असा पुरावा नाही. हाताने सावकाश भरवणे हाच मार्ग वृद्धोपचारतज्ज्ञ सुचवतात. रुग्णालयात मात्र हा निर्णय रात्री घाईघाईने मुलांवर येऊन पडतो, आणि आई-वडिलांना काय आवडले असते हे त्यांना कधी विचारलेलेच नसते. आपल्याकडे तर निदानसुद्धा आधी मुलाला बाजूला बोलावून सांगतात.

भारतात २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने आजार असाध्य झाल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या पूर्वसूचनेला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली आणि २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ती करता येते. ती लिहिताना मन सुस्थितीत असावे लागते, म्हणूनच स्मृतिभ्रंशात उशीर परवडत नाही. फॅमिली डॉक्टर असल्यास त्याला प्रत द्यावी, असेही न्यायालयाने सांगितले आहे. लिव्हिंग विलचा विषय मात्र असाध्य अवस्थेत जीव लांबवणारे उपचार हा आहे. त्याआधीच्या अनेक वर्षांतील घर, जेवण, सोबत आणि रुग्णालयात जाणे-न जाणे याविषयीच्या इच्छा डॉक्टरांच्या नोंदवहीतच तारखेसह उतरायला हव्यात, आणि प्रकृतीत बदल दिसला की पुन्हा विचारून घ्यायला हव्यात.